केमिस्टने दिलेली ती छोटी कुपी पोटात जाऊन काय करते?

अँटिबायोटिकची चिठ्ठी घेऊन केमिस्टकडे गेलं, की गोळ्यांच्या पाकिटासोबत बरेचदा पाच मिलीलिटरच्या प्लॅस्टिकच्या कुप्या किंवा कॅप्सुलची एक स्ट्रिप काउंटरवर येते. ‘पोट बिघडू नये म्हणून’ एवढं सांगून बिल होतं. त्या कुपीत असतं ते प्रोबायोटिक, म्हणजे पोटासाठी घ्यायचे जिवंत जंतू. शेजारच्या डेअरीच्या फ्रिजमध्ये ‘इम्युनिटी’च्या नावाने विकली जाणारी आंबटगोड पेयं असतात. घरी आल्यावर आई म्हणते, एवढे पैसे कशाला घालवलेस, वाटीभर दही खा. कुपी, पेय आणि दही या तिन्हींत जिवंत जंतू असतात हे खरं. पण तिन्ही एकच काम करत नाहीत. एकाच्या नावावर दुसरं खपवलं की पैसे जातात, कधी उपचाराचा वेळ जातो आणि क्वचित प्रसंग जिवावरही बेततो.

प्रोबायोटिकची व्याख्या जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली ठरवली: पुरेशा प्रमाणात घेतल्यास घेणाऱ्याच्या आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. वाक्य छोटं आहे, पण त्यात तीन अटी आहेत. जंतू पोटात जाताना जिवंत हवेत, पुरेसे हवेत, आणि त्यांचा फायदा माणसांवर तपासून सिद्ध झालेला हवा. तिसरी अट बाजारात सगळ्यात आधी विसरली जाते.

फायदा तपासतात तो एका विशिष्ट वाणाचा. हे आंब्यावरून चटकन लक्षात येईल. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी हापूस, पायरी आणि राजापुरी एकाच जातीचे आहेत. पण राजापुरीचं लोणचं घालतात म्हणून कोणी हापूसच्या कैऱ्या फोडत बसत नाही. जिवाणूंचंही तसंच आहे. ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस’ हे झालं जातीचं नाव. त्यापुढची ‘जीजी’ ही दोन अक्षरं म्हणजे वाण. जुलाबांवरचे बरेच अभ्यास या ‘जीजी’ वाणावर झाले आहेत. डब्यावर जातीचं नाव आहे आणि वाणाचं नाही, तर ते अभ्यास त्या डब्याला लागू होतातच असं नाही. (२०२० साली लॅक्टोबॅसिलस या मोठ्या वंशाची २५ वंशांत विभागणी झाली, त्यामुळे नव्या लेबलांवर ‘लॅक्टिकेसिबॅसिलस’ असं लांबलचक नाव दिसलं तर गोंधळू नका. जंतू तोच आहे.)

आत आधीच किती गर्दी आहे

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा २०१६ सालचा हिशेब आहे. शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. या सगळ्या जिवाणूंचं वजन मात्र जेमतेम २०० ग्रॅम. जठरातल्या आम्लात त्यांची संख्या अगदी कमी असते, लहान आतड्यात ती पुढे पुढे वाढत जाते आणि खरी वस्ती असते मोठ्या आतड्यात. तिथल्या एका ग्रॅम मळात दहा हजार कोटींच्या घरात जिवाणू सापडतात.

आता त्या कुपीकडे बघा. तिच्यात साधारण २०० कोटी जंतू असतात. आकडा मोठा वाटतो, पण आत आधीच असलेल्यांच्या तुलनेत तो एकोणीस हजारांत एक एवढाच भरतो. ‘चांगले जंतू भरून काढतो’ ही जाहिरातीतली भाषा इथेच सैल पडते. समुद्रात कळशी ओतून समुद्र भरत नाही.

शिवाय आत जागाही नसते. संध्याकाळी सहा-सातला दादरला विरार फास्टमध्ये चढायचा प्रयत्न केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आतले लोक रोजचे, त्यांच्या जागा ठरलेल्या, आणि दारातला घोळका नव्या माणसाला पाय ठेवू देत नाही. आतड्यातले मूळचे जिवाणू अगदी हेच करतात. अन्न तेच खातात, आतड्याच्या अस्तरालगतच्या जागा त्यांनीच धरलेल्या असतात आणि परक्याला मारक ठरतील अशी आम्लं आणि प्रथिनं ते सोडतात. यामुळेच हॉटेलातून किंवा पाण्यातून आलेला प्रत्येक रोगजंतू आपल्याला आडवा करू शकत नाही. पण याच कारणाने विकत घेतलेले जंतूही आत वस्ती करत नाहीत. ते घेणं थांबवलं की बहुतेक लोकांत काही दिवसांत, फार तर आठवड्या-दोन आठवड्यांत ते नाहीसे होतात. एकदा कोर्स केला आणि पोट कायमचं सुधारलं, असं त्यामुळे होत नाही.

मग जाता जाता ते काय करतात? काही वाण लॅक्टिक आम्ल सोडून भोवतालची आम्लता वाढवतात, त्यात अनेक रोगजंतूंची वाढ मंदावते. काही आतड्याच्या पेशींमधले सांधे घट्ट ठेवायला मदत करतात. काही दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं विकर (एन्झाइम) सोबत घेऊन येतात. दूध प्यायल्यावर पोट फुगणाऱ्या माणसाला दही बरेचदा सोसतं त्याचं कारण हेच: लॅक्टोजचा काही भाग विरजतानाच संपलेला असतो आणि उरलेला पचवायला दह्यातले जंतू पोटात हातभार लावतात. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने प्रोबायोटिकचे जवळजवळ सगळे आरोग्यदावे फेटाळले, पण जिवंत जंतू असलेल्या दह्याने लॅक्टोजचं पचन सुधारतं हा दावा मान्य केला.

‘इम्युनिटी’ म्हणजे नक्की काय वाढतं?

आतड्याची आतली भिंत किती नाजूक आहे ते आधी पाहू. बाहेरून आलेलं अन्न, पाणी, जंतू एका बाजूला आणि आपलं रक्त दुसऱ्या बाजूला, या दोहोंमध्ये पेशींचा फक्त एक थर असतो. एकच. त्या पेशीही दर तीन ते पाच दिवसांनी बदलतात. त्यांच्यावर चिकट श्लेष्म्याचं आवरण असतं. मोठ्या आतड्यात या आवरणाचे दोन थर असतात: बाहेरचा सैल, त्यात जिवाणू राहतात; आतला घट्ट, त्यात ते सहसा शिरत नाहीत. एवढ्या पातळ भिंतीमागे शरीराने पहारा मात्र मोठा ठेवला आहे. शरीरातल्या प्रतिकारपेशींचा मोठा जमाव आतड्यालगत असतो.

लहान आतड्याच्या भिंतीत या पेशींचे पुंजके दिसतात. १६७७ साली त्यांचं वर्णन करणाऱ्या योहान पेयर यांच्यावरून त्यांना पेयरचे पुंजके म्हणतात. त्यांवरच्या खास पेशी आतड्यातल्या जंतूंचे नमुने उचलून आत देतात. आतल्या पेशी ते तपासतात आणि गरजेप्रमाणे आयजीए नावाची प्रतिपिंडं तयार होतात. ही प्रतिपिंडं रोज काही ग्रॅम इतक्या प्रमाणात आतड्यात सोडली जातात आणि जंतूंना चिकटून त्यांना भिंतीपासून दूर ठेवतात. हे सगळं चालायला जंतूंची संगत लागते. प्रयोगशाळेत पूर्ण निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांमध्ये पेयरचे पुंजके खुरटलेले असतात आणि आयजीए फार कमी बनतं. जंतू दिले की यंत्रणा जागी होते.

दुसरा धागा आहे तंतुमय अन्नाचा. जे तंतू आपण पचवू शकत नाही ते मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं छोटं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन तेच. ब्युटिरेट पुरेसं असेल तर भिंत मजबूत राहते आणि दाह आवरणाऱ्या प्रतिकारपेशींना बळ मिळतं. लक्षात घ्या, दाह *आवरणाऱ्या*. प्रतिकारशक्ती म्हणजे नळ नव्हे, की जितका जास्त सोडाल तितकं बरं. ती नको तिथे वाढली की ॲलर्जी होते, सांधे सुजतात, स्वतःच्याच आतड्यावर हल्ला होतो. म्हणून ‘इम्युनिटी बूस्टर’ हा शब्दच आम्हाला चुकीचा वाटतो. निरोगी आतड्यातले जंतू प्रतिकारशक्तीला शिस्त लावतात, आणि ते जोर वाढवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

माणसांवरच्या चाचण्यांत यातलं किती उतरतं? सर्दी-खोकल्याच्या बाबतीत, काही वाण सलग काही आठवडे घेणाऱ्यांत आजारपणाच्या खेपा थोड्या कमी झाल्याचं दिसतं. पुरावा मात्र कच्चा आहे आणि परिणाम लहान. डेंग्यू, लेप्टो (पावसाच्या साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस), कावीळ यांपासून कुठलीही कुपी वाचवत नाही. जुलैत गुडघाभर पाण्यातून चालून आल्यावर लेप्टोची प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरला विचारायचं असतं, आणि पिण्याचं पाणी उकळायचं असतं.

या विषयात मुंबईचा एक दूरचा धागाही आहे. आंबवलेल्या दुधातले जंतू म्हातारपण लांबवू शकतील, हा विचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडला तो इल्या मेचनिकॉव्ह यांनी. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हा त्यांचा शोध. त्यासाठी १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी पुढे मुंबईत आला आणि १८९७ मध्ये त्याने प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. तो म्हणजे वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन संस्थेला नाव मिळालं ते त्यांचंच. मेचनिकॉव्ह यांची दीर्घायुष्याची कल्पना सिद्ध झाली नाही, पण जंतू आणि प्रतिकारशक्ती यांचं नातं आहे हा त्यांचा अंदाज खरा ठरला.

कुठे उपयोग होतो, कुठे नाही

सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांचा. विशेषतः ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटसारख्या औषधांनी पोट ढिलं होतं ते आतल्या जंतूंचीही कत्तल होते म्हणून. मुलांवरच्या ३३ चाचण्यांचा २०१९ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात प्रोबायोटिक न घेणाऱ्या शंभरातल्या साधारण १९ मुलांना जुलाब झाले, घेणाऱ्या शंभरातल्या ८ जणांना. म्हणजे नऊ मुलांना दिलं तर एकाचे जुलाब टळतात. दिवसाला ५०० कोटी किंवा त्याहून जास्त मात्रेत फायदा ठळक होता, आणि सर्वाधिक आधार ‘ऱ्हॅम्नोसस जीजी’ आणि ‘सॅकरोमायसिस बोलार्डी’ या दोघांना होता. आपल्याकडच्या कुप्यांमध्ये सर्रास असतो तो ‘बॅसिलस क्लॉसी’. त्याच्यामागचा पुरावा त्या मानाने थोडा आहे.

घ्यायचंच असेल तर अँटिबायोटिकच्या पहिल्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सुरू करावं. जुलाब लागल्यावर धावपळ करून नव्हे. गोळी आणि जिवाणूंची कॅप्सूल यांच्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर गोळी त्यांनाही मारते. बोलार्डी हे यीस्ट आहे, जिवाणू नव्हे, त्यामुळे जिवाणूंवरच्या अँटिबायोटिकचा त्याच्यावर परिणाम होत नाही. पण बुरशीवरचं औषध, उदाहरणार्थ फ्लुकोनाझोल, चालू असेल तर बोलार्डी फुकट जातं. क्लॉसी बीजाणूच्या रूपात असतो, म्हणून तो जठरातलं आम्लही सोसतो आणि मुंबईचा मे महिनाही. कुपी हलवून, तोडून, साध्या पाण्यात किंवा गार दुधात घालून प्यायची असते. दिसायला ती इंजेक्शनच्या औषधासारखी असली तरी ती टोचायची नसते. घरात दुसरी औषधं टोचून घेणारं कोणी असेल तर कुप्या वेगळ्या ठेवा.

इथे दुसरी बाजूही सांगायलाच हवी. इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१८ साली अँटिबायोटिक दिलेल्या निरोगी माणसांच्या आतड्यात दुर्बीण घालून पाहिलं. ज्यांना अकरा वाणांचं प्रोबायोटिक दिलं, त्यांचे मूळचे जंतू परत यायला काहीही न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. डबा रिकामा झाल्यावर नव्याने चढलेल्यांनी जागा धरल्या आणि रोजचे प्रवासी फलाटावरच राहिले, तसंच काहीसं. अभ्यास लहान होता, त्यावरून सगळी प्रोबायोटिकं वाईट ठरत नाहीत. पण तीन दिवसांच्या साध्या अँटिबायोटिकसोबत, पोटाची काही तक्रार नसताना, धडधाकट माणसाने ती सवयीने घ्यावीत असं आम्हाला वाटत नाही. ज्यांना आधीच्या कोर्समध्ये जुलाब झाले होते, जे वयस्कर आहेत, ज्यांचा कोर्स लांब आहे, त्यांच्यासाठी पारडं घेण्याच्या बाजूने झुकतं.

बाहेरचं खाऊन किंवा संसर्गाने झालेल्या जुलाबांची गोष्ट वेगळी. अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांत २०१८ साली मुलांना प्रोबायोटिकचा काहीच फायदा दिसला नाही. मुलाला जुलाब लागले की जीव वाचवतं ते ओआरएस: मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, सगळं एकदम, अर्धं अर्धं नाही, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. सोबत झिंक, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस. कुपी दिली म्हणून ओआरएस मागे पडलं, तर तिने नुकसानच केलं.

ज्यांचं पोट वर्षानुवर्षं कुरकुरतं, कधी बद्धकोष्ठ कधी ढाळ, तपासण्या सगळ्या नॉर्मल, अशा आयबीएसच्या रुग्णांना कुठलं वाण लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटना सरसकट शिफारस करत नाहीत; ब्रिटिश तज्ज्ञ म्हणतात, हवं तर एक उत्पादन जास्तीत जास्त १२ आठवडे घेऊन बघा, फरक नसेल तर सोडा. हा सल्ला व्यवहार्य आहे, फक्त एक करा: सुरू करण्याआधीचा एक आठवडा आणि नंतरचे आठवडे दुखणं, फुगणं, शौचाच्या खेपा वहीत लिहा. सुरुवातीच्या चार-पाच दिवसांत गॅस वाढतो, त्यावरून लगेच निकाल लावू नका.

आपल्या देशातला एक अभ्यास इथे नोंदवलाच पाहिजे. ओडिशातल्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांना जन्मानंतर लवकरच सात दिवस ‘लॅक्टोबॅसिलस प्लँटारम’चं एक ठराविक वाण आणि त्याचं खाद्य असलेली एक साखर दिली गेली, किंवा नुसती साधी पूड. २०१७ साली निकाल आला: जंतुदोष किंवा मृत्यू साध्या पुडीच्या गटात ९ टक्के, प्रोबायोटिकच्या गटात ५.४ टक्के. इतक्या स्वस्त उपायाने इतका फरक पडणं ही मोठी गोष्ट आहे. पण ती बाळं साधारण पूर्ण दिवसांची होती, वाण ठराविक होतं आणि देखरेख डॉक्टरांची होती. दुकानातलं पाकीट आणून बाळाला चाटवण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. उलट अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिलेल्या प्रोबायोटिकमधून जंतू रक्तात गेल्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली इशारा दिला आहे.

लेबल वाचताना

जातीनंतर वाणाची अक्षरं किंवा क्रमांक आहे का पाहा. मग संख्या: ‘सीएफयू’ म्हणजे वाढू शकणाऱ्या जिवंत जंतूंचा हिशेब. एक बिलियन म्हणजे १०० कोटी. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने प्रोबायोटिक म्हणवणाऱ्या पदार्थाच्या दिवसाच्या मात्रेत निदान १० कोटी जिवंत जंतू हवेत. ही संख्या कधीची आहे तेही महत्त्वाचं. ‘उत्पादनाच्या वेळी’ लिहिलं असेल तर मुदत संपेपर्यंत किती उरले याची खात्री नाही. मुदत संपेपर्यंतची हमी देणारं लेबल निवडा. ‘वीस वाणं, ५० बिलियन’ म्हणजे जास्त चांगलं असं नसतं.

साठवण हा मुंबईत वेगळाच प्रश्न आहे. कॅप्सुलमधले जंतू सुकवून झोपवलेले असतात आणि त्यांचा शत्रू उष्णतेइतकाच दमटपणा. जुलै-ऑगस्टच्या हवेत आठवड्याच्या गोळ्या काढून डबीत भरून ठेवायची सवय असेल, तर प्रोबायोटिक त्यात टाकू नका. फॉइल फोडल्यावर ओल लागते, जंतू अर्धवट जागे होतात आणि मरतात. घ्यायच्या वेळीच फोडा. ‘२ ते ८ अंश’ लिहिलं असेल तर केमिस्टने ते फ्रिजमधूनच काढून दिलं का ते बघा, आणि लांबचा लोकल प्रवास असेल तर घराजवळच्या दुकानातूनच घ्या. फ्रिजच्या दारात न ठेवता आतल्या कप्प्यात ठेवा. आंबटगोड पेयांच्या बाटलीवर साखर किती ग्रॅम आहे तेही वाचा, मधुमेह असेल तर नक्कीच.

आता दही

घरच्या दह्याला कडक व्याख्येने प्रोबायोटिक म्हणता येत नाही, कारण विरजणात कुठली वाणं आहेत आणि ती काय करतात हे कोणी तपासलेलं नसतं. पण जिवंत जंतूंचा तो उत्तम स्रोत आहे. ताज्या दह्याच्या ग्रॅममागे एक ते दहा कोटी जंतू धरले, तरी १५० ग्रॅमच्या वाटीत दीडशे ते पंधराशे कोटी होतात. २०२१ साली अमेरिकेत ३६ निरोगी माणसांवर झालेल्या एका अभ्यासात, दहा आठवडे रोज भरपूर आंबवलेले पदार्थ खाणाऱ्या गटात आतड्यातल्या जंतूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाहाशी संबंधित १९ प्रथिनं कमी झाली. अभ्यास लहान आहे, तरी दिशा चांगली आहे. आईचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

अर्धा लिटर दूध उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी पाच-सात मिनिटं राहू द्या. त्याने दुधातले इतर जंतू मरतात आणि प्रथिनं अशी उलगडतात की दही घट्ट लागतं. मग ४० अंशांच्या आसपास येईपर्यंत थांबा. स्वच्छ करंगळी बुडवली तर कोमट लागावं, चटका बसता कामा नये. एक चहाचा चमचा विरजण आधी दोन चमचे दुधात फेटून घ्या आणि मग सगळ्या दुधात ढवळा. मे महिन्यात मुंबईच्या स्वयंपाकघरात चार-पाच तासांत दही लागतं, जानेवारीच्या रात्री सात-आठ तास. भांडं तिरकं केल्यावर दही काठापासून एकसंध सुटलं, की लगेच फ्रिजमध्ये. सकाळी विरजून ऑफिसला गेलात आणि संध्याकाळी पाहिलं, तर उन्हाळ्यात ते आंबट होऊन वर पाणी सुटलेलं असणारच. घरी कोणी नसेल तर विरजण अर्धा चमचा घाला किंवा दूध पूर्ण गार करून विरजा.

दही लागलंच नाही, तर बहुतेक वेळा दूध फार गरम होतं: ६० अंशांच्या दुधात विरजण घातलं की त्यातले बहुतेक जंतू तिथेच मरतात. विरजण फार जुनं असेल तरी तसंच होतं. दह्याला तार सुटली तर त्यातले काही जंतू चिकट साखरेचे लांब धागे बनवू लागलेत असं समजा. जुनं विरजण पुन्हा पुन्हा वापरल्यावर हे होतं. ते विरजण टाका, भांडं उकळत्या पाण्याने धुवा, विश्वासाच्या डेअरीतून ताजं दही आणून नवी सुरुवात करा. गुलाबी, हिरवे, काळे डाग दिसले तर वरवर काढून खाऊ नका, सगळं फेका.

उष्णतेने जंतू मरतात, हा नियम खाताना सोयीस्करपणे विसरला जातो. इडली-डोशाचं पीठ रात्रभर आंबतं तेव्हा जंतूंनी भरलेलं असतं, पण वाफेवर शिजलेल्या इडलीत जिवंत असं काही उरत नाही. ढोकळा, पाव, कढी यांचंही तेच. ते पदार्थ पचायला हलके होतात, त्यांतले काही पोषक घटक वाढतात, तो फायदा वेगळा; मेलेले जंतूही अगदी निरुपयोगी नसतात. पण जिवंत जंतू हवे असतील तर ताक, दही, गार आंबील, निवलेल्या भातात कालवलेलं दही. वाफाळत्या भातात दही घालून तो हेतू साधत नाही. जे पाकीटबंद ताक महिनोन्महिने फ्रिजबाहेर टिकतं, ते उष्णतेने निर्जंतुक केलेलं असतं म्हणून. घरच्या आंब्याच्या लोणच्यात मीठ आणि तेल एवढं असतं, की जंतूंसाठी ते खावं असं नाही.

आणि आत राहणाऱ्यांना खायला घाला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबी २,००० कॅलरींच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम तंतू हवेत. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारी किंवा बाजरीच्या भाकरीत पाच ग्रॅमच्या आसपास तंतू मिळतात. तेवढ्याच तांदळाच्या भातात दीड ग्रॅमही नाही. तीस ग्रॅम कोरड्या मुगाच्या उसळीत पुन्हा पाच. कांदा, लसूण यांतले तंतू जिवाणूंना विशेष मानवतात, आयबीएस असलेल्यांना मात्र त्यांनीच पोट फुगतं. सकाळी चहा-पाव, दुपारी भात, संध्याकाळी वडापाव असं खाणाऱ्याने एकदम दोन वाट्या उसळ सुरू केली तर गॅसने हैराण होईल. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, पाणी वाढवा. कुठलंही कॅप्सूल हे काम तुमच्यासाठी करत नाही, कारण ब्युटिरेट बनवणारे मुख्य जिवाणू प्राणवायूत जगत नाहीत आणि नेहमीच्या उत्पादनांत ते नसतातच.

ज्यांनी घेऊ नये

शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणं, मुलाचे डोळे खोल जाणं किंवा ते मलूल पडणं, दोन आठवड्यांहून लांबलेले जुलाब, कारणाशिवाय घटलेलं वजन: यांतलं काहीही असेल तर प्रोबायोटिक शोधत बसू नका, डॉक्टरकडे जा.

केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, पांढऱ्या पेशी खूप कमी झालेले, अतिदक्षता विभागातले रुग्ण यांना नातेवाइकांनी आपल्या मनाने प्रोबायोटिक देऊ नये. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत २००८ साली प्रोबायोटिकच्या गटात १६ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात ६ टक्के. मदत होईल या आशेनेच ती चाचणी केली होती.

बोलार्डीबाबत एक बारकावा वॉर्डात माहीत असायला हवा. मानेत किंवा छातीत मोठ्या शिरेची नळी असलेल्या रुग्णाला ते देऊच नये, आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णासाठी कॅप्सूल उघडतानाही जपावं. पूड हवेत उडते, हातांवर बसते आणि त्याच हातांनी नळीला स्पर्श झाला तर यीस्ट थेट रक्तात जाऊ शकतं. कॅप्सूल उघडायची वेळ आलीच तर रुग्णांच्या खोलीबाहेर, हातमोजे घालून उघडावी, आणि मोजे तिथेच टाकून हात धुऊन मग आत यावं.